पाच कुलपं आणि धुळाचा तळ

विश्रामबाग, सांगली
४ एप्रिल १९९४

ती. आक्का,
नमस्कार.

आजचं वर्तमानपत्र मला मिळालेलं नाही, हे अत्यंत दुःखाने कळवतो. ते आलेलं नाही असं नाही. आलं आहे. मला ते दिसतंय. आमच्या व्हरांड्याला बसवलेली नवी लोखंडी जाळी आणि तिच्या आत बसवलेली डासांची जाळी, या दोघींच्या मध्ये ते उभं अडकलं आहे. बाहेरून हात जात नाही. आतून जाण्यासाठी कुलूप काढावं लागतं, आणि चाव्यांचा जुडगा विजयमालेनं काल सुरक्षिततेसाठी अशा ठिकाणी लपवला की तो आता तिलाही सापडत नाही. मी खुर्ची ओढून जाळीसमोर बसलो आहे. पहिल्या पानावर कुणाचा तरी राजीनामा आहे. कुणाचा, ते घडीच्या पोटात गेलंय. स्वतःच्याच पैशानं स्वतःच्याच घरात कोंडून घेऊन देशाच्या घडामोडींकडे असं बघत बसावं लागणं, याला दाद कुठे मागायची?

हे सगळं झालं चोरीमुळे. आमच्या कॉलनीतलं एक बिऱ्हाड लग्नाला गेलं आणि मागे त्यांचा टीव्ही गेला. लगेच सभा झाली, सुरक्षा समिती निघाली आणि खात्यातला हेडक्लार्क म्हणून चिटणिसाची माळ माझ्या गळ्यात पडली. समितीत पोलिसातले निवृत्त जमादार आप्पासो आहेत. त्यांच्या सल्ल्यानं मी घराला एकूण पाच कुलपं लावली. चोर आला तर कंटाळून जाईल, असा आमचा हिशेब आहे.

आता तुझ्याविषयी. हंबीरचं जम्मूहून पत्र आलंय. लिहितो, "मामा, आई मळ्यात एकटी असते. काही वेडंवाकडं कानावर आलं तर जूनच्या सुट्टीत येऊन मळा वाट्यानं लावणार आणि आईला तुमच्याकडे आणून ठेवणार." तुझा लेक फौजेतला आहे, बोलला की करतो. तेव्हा तुला तुझ्या घरात राहायचं असेल, तर मी सांगतो ते ऐक.

घराची चावी चौकटीवर ठेवू नकोस. चौकटीवर हात फिरवणं ही कुठल्याही चोराची पहिली हालचाल असते. दाराला आतून आडवा लोखंडी अडसर बसव. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. बाजारला एस.टी.नं जाताना पाटल्या पदराखाली घे. लग्नाला जायचं तर साऱ्या गावाला सांगत सुटू नकोस. आणि सोनं चकचकीत करून देतो म्हणत कुणी आला, तर दारच उघडू नकोस. ते दागिना हळदीच्या पाण्यात टाकतात आणि जाताना पाणी तेवढं ठेवून जातात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिमग्याला तुझ्याकडे येऊन गेलेली आमची पूजा सांगते की तुझ्या दारासमोरच्या रानात कुणी धनगर उतरलाय. काठ्या-कुऱ्हाडी घेतलेले परके लोक अंगणाला लागून झोपतात म्हणे! आक्का, हे काय आहे?

तुझा,
जयराज

(ता. क. जुडगा तांदळाच्या डब्यात सापडला. राजीनामा कुणा महत्त्वाच्या माणसाचा नव्हता.)

---

कुंडल
१२ एप्रिल १९९४

चि. जया यास आक्काचा आशीर्वाद.

पत्र पावलं. काल पाडवा झाला, गुढी उभारली. तुझं पत्र वाचून लय हसले. पारूबाईला पण वाचून दावलं. शेजारच्या मळ्यातली पारूबाई रं, मिलिंदची आई. ती म्हणली, "आवं, तुमच्या भावाला चोरानं न्हाई, लोहारानं लुटलाय."

तुझं एकेक घेते. चावी चौकटीवर ठिवत न्हाई. कुठं ठिवते ते पत्रात लिवत न्हाई, म्हंजी तुझं ऐकलं असं समज. लॉकर म्हणतोस, त्याची चावी मग कुठं ठिवू? त्याला आणि एक लॉकर?

मी काय करते ते सांगते. तुझं दाजी, सुभेदारसायेब, जाऊन सा वरसं झाली, पर त्यांचे बूट अजून दारात असत्यात. आठवड्याला पालिश करते आणि जागा बदलते. कवा उंबऱ्याला, कवा पायरीवर. नवं माणूस बघतंय आणि म्हणतंय, घरात गडी हाय. सकाळी माझ्या चुलीचा धूर निघाला न्हाई तर पारूबाई हातातलं काम टाकून येती. तिचा न्हाई निघाला तर मी जाते. बाजारला गेले तर तिला आणि धुळाच्या कारभारणीला सांगून जाते. तू म्हणतोस कुणाला सांगू नको. आरं, कुणालाच म्हाईत नसंल तर हाक कोण मारंल?

आता धुळा. तू शेरात जाऊन शेती इसरलास गड्या. ऊस तुटला, खोडवा मोडला, रान मोकळं झालं. लागणीच्या आधी मेंढ्या बसवल्या की लेंडीखत पडतंय. धुळा आटपाडीकडला, चौथं वरीस हाय त्याचं माझ्याकडं. रोजच्या बसवण्यामागं जुंधळं देते. त्याची कुत्री माझ्या अंगणात पडून असत्यात. परवा वसुलीचा कारकून आला, तर कुत्र्यांनी त्याला बांधावरच उभा केला. चिठ्ठी तिथनंच वाचून गेला बिचारा. आणि कुऱ्हाड लांडग्यासाठी असती, तुझ्या आक्कासाठी न्हाई.

हंबीरला लिव की आई बरी हाय. मला हितनं उठवू नका रं. या रानात माझं मन लागतंय.

विजयमालेला आशीर्वाद. पूजाला पापा.

आक्का

---

विश्रामबाग
२१ एप्रिल १९९४

ती. आक्का,
नमस्कार.

बुटांची युक्ती समितीपुढे मांडली. आप्पासो म्हणाले, कॉलनीत दारात ठेवलेले बूट पहिल्या दिवशीच चोरीला जातील. तरी कल्पना म्हणून तिची नोंद घेतली आहे.

धुळाविषयी तू लिहिलंस ते वाचलं. तू भोळी आहेस. गुन्हेगार आधी विश्वास संपादन करतो, हे आप्पासोंनी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलंय. चार वर्षं काय, दहा वर्षंही संपादन करील! तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, लहानपणापासून मी हरत आलो आहे. म्हणून मी योग्य ठिकाणी योग्य तो शब्द टाकला आहे. तुला त्रास पडणार नाही. तू काळजी करू नकोस, इतकंच.

उन्हाळा फार आहे. जपून असावं.

जयराज

---

कुंडल
३ मे १९९४

जया,

हे पत्र मिलिंदच्या हाती देते. तो मिरजंला दवाखान्यात कामावर जातो, वाटेत तुझ्याकडं उतरंल. उत्तर त्याच्याच हाती दे. तो थांबंल.

काल सकाळी जीप आली आणि धुळाला घिऊन गेली. मी इचारलं, काय केलंय त्यानं? हवालदार म्हणला, अर्ज हाय, संशयित इसम. त्याचं घोंगडं झाडलं, कारभारणीचं गठुडं उसकटलं, पोरींच्या गळ्यातलं मणी हातात घिऊन बघितलं. काय घावलं न्हाई तरी नेला. अजून आणला न्हाई. मेंढ्या वाघरीच्या जाळीत वरडाय लागल्यात, एकटी बाई कुठं कुठं बघंल? दिवसभर मी आणि पारूबाई काठ्या घिऊन त्यांच्या मागं फिरलो.

मी हवालदाराला म्हणलं, माझ्या रानातल्या माणसाबद्दल कुणी अर्ज केलाय? तर म्हणला, "तुमच्याच भावानं, विश्रामबागच्या."

जया, मी समद्यांच्या देखत त्याला सांगितलं, माझा भाऊ असलं करायचा न्हाई. पारूबाईनं तेवढी मान खाली घातली. तिनं तुझं पत्र ऐकलं होतं न्हवं.

खरं काय ते लिव.

आक्का

---

विश्रामबाग
३ मे, दुपार

आक्का,

मिलिंद समोर बसलाय. जयभीम घालून आत आला, बसला, पण चहाला हात लावत नाही. त्यामुळे थोडक्यात लिहितो.

अर्ज माझाच आहे.

सारवासारव करायला चांगली वाक्यं सुचत होती, पण ती या मुलादेखत कागदावर उतरेनात. अर्जात मी धुळाचं अर्धं पान वर्णन केलं आहे. दाढी, काठी, घोंगडी, भेदक नजर. आक्का, मी त्या माणसाला कधी पाहिलेलंही नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, तीही आता घे. गेल्या शुक्रवारी भरदुपारी आमच्याकडे दोन तरुण आले. इस्त्रीचे शर्ट, एकाच्या गळ्यात टाय, हातात कंपनीची बॅग. आधी देव्हाऱ्यातला तांब्या असा लखलखीत करून दिला की विजयमालेला त्यात तोंड दिसायला लागलं. मग पाटल्या. तुझ्या भावजयीनं पाचही कुलपं स्वतःच्या हातानं एकेक करून काढली आणि त्यांना कोकम सरबत दिलं. हळदीच्या पाण्याचा डबा बंद करून "गार होईपर्यंत उघडू नका, वहिनी" असं सांगून ते निघाले. मी जेवायला घरी येत होतो. फाटकात आमची गाठ पडली. त्यांनी नमस्कार केला. आक्का, त्यांच्यासाठी फाटक मी उघडून धरलं! डब्यात खडी निघाली.

आप्पासो वही घेऊन विचारायला लागले, "दिसायला कसे होते?" मी म्हणालो, सभ्य. "उंची? रंग? काही खूण?" काही सांगता येईना. ते माझ्या सोफ्यावर बसून गेले तरी मला त्यांचं वर्णन करता येत नाही, कारण ते माझ्यासारखेच दिसत होते.

विजयमाला तेव्हापासून नीट जेवत नाही. मी तिला एका शब्दानं बोललो नाही. बोलणार कुठल्या तोंडानं? तुला कळवलं नाही, कारण कुलपांची अब्रू राखायची होती.

उद्या सकाळी पहिल्या गाडीनं येतो. ठाण्यात तू येऊ नकोस, मी एकटा जाईन.

जयराज

(मिलिंदनं आत्ता चहा घेतला. गार झाला होता, तरी घेतला.)

---

कुंडल
१४ मे १९९४

चि. जया यास आशीर्वाद.

तू येऊ नको म्हणालास, पर मी येणारच होते. आणि पारूबाई काय मागं ऱ्हाती व्हय. ठाण्यात ती तुला बोलली ते मनावर घिऊ नको. हवालदारानं तुला इचारलं, "हा तुमच्या ओळखीचा?" तू न्हाई म्हणालास, तवा तिला ऱ्हावलं न्हाई. "आवं सायेब, वळख न्हाई तर एवढं लिवलं कसं? आमाला तर वळखीच्या माणसाबद्दल दोन वळी लिवायला जमत न्हाईत!" हवालदार पण खाली बघून हसला. तू मातूर सरळ म्हणालास, "चूक माझी आहे, अर्ज मागे घेतो, या माणसाला मी जामीन." ते बरं केलंस. मी तिथं बोलले न्हाई, म्हणून हितं लिवते.

आणि धुळाला सोडवून येताना एस.टी.त झालं ते आठवलं की अजून हसू येतंय. चोराच्या भ्यानं पैसं बनेनच्या आतल्या चोरखिशात शिवून आणलंस, आणि कंडक्टर डोक्यावर उभा ऱ्हायला तवा हात आत जाईना. "आवं पावणं, तिकीट काढताय का अंगरखा?" म्हणला तो. समदी गाडी हसली. धुळा तेवढा हसला न्हाई. त्यानं गुमान तुझं तिकीट काढलं. दोन दिस कोठडीच्या फरशीवर काढलेला माणूस!

आता वंगाळ सांगते. धुळा सुटला, पर तळ उठायची येळ आली. माझं रान झालं की तो कालव्याकडच्या नानासोच्या रानात जायचा, मग पुढं वड्याकडच्या लोकांत. दर वरसाचं ठरल्यालं असतंय. नानासो म्हणला, "पोलिसांनी नेल्याला माणूस हाय, नको बाबा." त्याचं बघून बाकीच्यांनी पण नको म्हणलं. पावसाला अजून येळ हाय, आटपाडीकडं चारा न्हाई, पाणी न्हाई. मेंढ्या कुठं न्ह्यायच्या त्यानं? धुळा नुसता वाघरीच्या गाठी सोडतोय आणि पुन्ना बांधतोय.

आणि नानासोनं हंबीरला कार्ड टाकलंय. तुझ्या आईच्या रानात पोलीस आलं हुतं, वस्तीवर राम ऱ्हायला न्हाई, असं. त्याचं उत्तर मला आलं. दोनच वळी. "आई, बांधाबांध करून ठेव. सहा जूनला येतो."

जया, तुझ्या घरी मला काय कमी पडायचं न्हाई. विजयमाला चांगली हाय. पर तिथं दार वाजलं की आधी चाव्या हुडकायच्या. हितं दार वाजायच्या आधी कुत्री सांगत्यात कोण आलंय. मी बांधाबांध केल्याली न्हाई. बूट तेवढं फडक्यात गुंडाळलं, आणि पुन्ना सोडून दारात ठिवलं.

तुझ्या लिवण्यानं झालंय. आता तू लिवून काय होतंय का बघ. न्हाईतर ये.

आक्का

---

विश्रामबाग
७ जून १९९४

ती. आक्का,
नमस्कार.

हे पत्र हंबीरच तुझ्या हातात देईल. काल मिरजेला गाडीतून उतरून तो आधी माझ्याकडे आला. मामानं तुझ्या बाजूनं काय तोंड वाजवलं ते तुला कळायला हवं, म्हणून सगळं लिहितो. आधी मेच्या अखेरच्या त्या फेरीचं सांगतो. तू मला घाईत भाकरी बांधून दिलीस आणि पारावर काय झालं ते विचारलंच नाहीस.

नानासो सोसायटीच्या पारावर चारचौघांत बसला होता. मी गेलो आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "नानासो, धुळाचं नाव पोलिसात मी दिलं. न बघता दिलं. त्याच्याकडे काडीही सापडली नाही. माझी जीभ सैल सुटली, त्याची शिक्षा त्याच्या मेंढ्यांना कशाला?"

"ते खरं हाय ओ. पर लोकं काय म्हणत्यात..."

"लोक इथेच बसलेत. विचार त्यांना."

एक म्हातारा तंबाखू मळत होता, तो म्हणाला, "एवढी खात्री हाय तर तुमच्या रानात बसवा की, सायेब!"

"बसवतो," मी म्हणालो. "आजच."

आणि मग नानासोचा चेहरा बघण्यासारखा झाला, आक्का, कारण माझा कालव्याकडचा तुकडा त्याच्याचकडे वाट्यानं आहे. मालकानं बसव म्हटलं तर तो नाही म्हणणार कसा? "म्हंजी फिरून माझ्याच गळ्यात व्हय?" म्हणून त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. सगळा पार हसला, तोही हसला. संध्याकाळच्या आत धुळाचा तळ माझ्या तुकड्यात पडला. शेजारच्या रानात फुकटची लेंडी पडताना कोण बघत बसतो? दोन दिवसांत ओढ्याकडचा एकजण स्वतः येऊन धुळाला विचारून गेला, हे तूच मला कळवलंस.

हे सगळं मी काल हंबीरला सांगितलं. तो फौजी शिस्तीत ताठ बसून ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तरी आई एकटी आहे."

मी म्हणालो, "एकटी आम्ही आहोत रे. त्या दोघांनी इथे पाऊण तास बसून पाटल्या नेल्या. शेजारच्या देशपांडे वहिनींनी खिडकीतून पाहिलं, आणि आपल्याला काय करायचंय म्हणून पडदा ओढून घेतला. ती बाई वाईट नाही. कुणाच्या घरात डोकवायचं नाही, असा आमच्या कॉलनीचा शिष्टाचार आहे. तुझ्या आईच्या चुलीला धूर आला नाही तर एक बाई हातातलं काम टाकून पळत येते. तू सीमेवर असतोस, तुला पहारा कळतो. तूच सांग, आईला यातल्या कुठल्या चौकीवर ठेवायचं?"

विजयमालेनं वाढलं, तो जेवला. पान वाढताना तिचे मोकळे हात त्यानं पाहिले असावेत, कारण तो एकदम म्हणाला, "मामी, तुम्हीच जाऊन राहा की थोडे दिवस आईकडं." ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. येत्या रविवारी तिला घेऊन येतो, तिला आठ-पंधरा दिवस ठेवून घे. चुलीवर जीव रमेल तिचा.

आज सकाळी पिशवी भरताना हंबीर एवढंच बोलला, "बांधाबांध सोडायला लावतो आईला." मी सांगितलं नाही की तू ती केलेलीच नाहीस. ते त्यालाच दारात दिसू दे. अडसर मात्र बसवून घे, आक्का. तेवढं माझं ऐक. आप्पासोंचाही मान राहील.

त्या फेरीत निघण्यापूर्वी मी तळावर गेलो होतो. धुळा मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मी तिकिटाचे पैसे पुढे केले. त्यानं वर बघितलं. माझ्या अर्जातली भेदक नजर मी पहिल्यांदा जवळून पाहिली. उन्हानं चुरचुरणारे, थकलेले डोळे होते. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आक्काचं भाऊ तुमी, आमचं पावणं." मी शब्द जुळवत होतो, तो पुन्हा खुराकडे वळला. पैसे परत खिशात टाकले.

मग स्टँडवर आलो. सांगलीची गाडी लागली होती. मी पुढच्या बाकावर बसलो आणि पाहिलं, तर मागच्या दारानं धुळाची कारभारीण चढली. कडेवर लहान पोरगी, ताप असावा, अंगावर पदर ओढलेला. मिरजेच्या दवाखान्यात निघाली असणार. तिनं मला पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी ओळखलं असतं की नाही कोण जाणे.

कंडक्टर आला तेव्हा मी हळूच म्हणालो, "दोन सांगली द्या. मागे लेकरू घेतलेली बाई बसली आहे, एक तिचं."

"तुमच्या कोण हो?"

"आमच्या रानात आहेत," मी म्हणालो.

त्यानं दोन तिकिटं फाडली, एक मागे नेऊन दिलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. हे धुळाला सांगू नकोस.

तुझा,
जयराज